वाचकांचे प्रश्न : देह आणि गाभारा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच वचनापाशी येऊन थांबतात, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या शतकातील प्रेषित पौलाने ग्रीसमधील करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातील 19 व 20 ही ती वचने : तुमचे शरीर हे तुमच्यामध्ये वसणाऱ्या पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, तुम्ही स्वतःचे मालक नाही, तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात, म्हणून आपल्या शरीराने देवाचे गौरव करा. पत्रलेखकांची नावे व गावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : सलाम पाळकसाहेब. मी शेतकरी आहे, वय 58. गेली 35 वर्षे तंबाखू-चुना खातो. मागील महिन्यात आमच्या गावी तीन दिवस सभा झाल्या. बाहेरून आलेल्या सेवकांनी सांगितले की, तंबाखू खाणारा देवाच्या मंदिराचा नाश करतो आणि अशा माणसाचा देव नाश करील, असे वचन आहे. तेव्हापासून मी प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या बाकावर बसून राहतो, भाकर व द्राक्षरस घ्यायला मेजाजवळ जात नाही. सोडायचा प्रयत्न केला, पण चार दिवसांच्या वर टिकलो नाही. मी काय करावे?

उत्तर : बंधू, येत्या प्रभुभोजनाला आपण मेजाजवळ या. बाकीचे सगळे त्यानंतर.

आपल्याला ऐकवलेले वचन पत्राच्या तिसऱ्या अध्यायातले आहे आणि तिथे तंबाखूचा किंवा कोणत्याही व्यसनाचा विषय नाही. करिंथच्या मंडळीत ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’ अशा उपदेशकांच्या नावाने फळ्या पडल्या होत्या. त्या फळ्या पाडणाऱ्यांना पौल बजावतो की, तुम्ही सगळे मिळून देवाचे मंदिर आहात आणि जो हे मंदिर मोडील त्याचा देव नाश करील. म्हणजे ज्या वचनाने मंडळी फोडणाऱ्यांना ताकीद दिली, त्याच वचनाने एका थकलेल्या माणसाला मंडळीच्या मेजापासून दूर लोटले गेले. हे मी मोठ्या दुःखाने लिहितो आहे, कारण सेवेच्या पहिल्या वर्षांत मी स्वतः व्यासपीठावरून हेच वचन असेच वापरले होते. त्यानंतर एक वृद्ध गृहस्थ प्रभुभोजनाला दिसेनासे झाले. मला वाटले, आजारी असतील. पाच-सहा महिन्यांनी त्यांच्या पत्नीने सांगितले, तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चंची काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, “साहेब, ही सुटली की येतो.” ती सुटण्याआधीच ते गेले.

आता सहाव्या अध्यायाकडे वळू. हे पत्र इ. स. 54 च्या सुमारास इफिस येथून लिहिले गेले. करिंथ हे दोन बंदरांचे शहर होते. रोमन सैन्याने ख्रिस्तपूर्व 146 मध्ये ते उद्ध्वस्त केले होते आणि ख्रिस्तपूर्व 44 मध्ये रोमनांनीच ते पुन्हा वसवले. मंडळीत फारसे कुलीन किंवा सामर्थ्यवान लोक नव्हते, असे पौल स्वतःच लिहितो, आणि काही जण तर गुलाम होते. ‘मोल देऊन विकत घेतलेले’ हे शब्द त्यांनी ऐकले असतील, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बाजार उभा राहिला असेल. गुलामाचे शरीर मालकाच्या मर्जीवर होते. त्याच्याकडून राबवून घेणे, त्याला मारणे, भोगणे, यांपैकी कशालाही त्याला नाही म्हणता येत नव्हते. दुसऱ्या बाजूला त्याच मंडळीतले काही जण असे म्हणत होते की, देह आज ना उद्या नष्ट होणार आहे, त्याने काय केले याला महत्त्व नाही, वेश्येकडे गेले तरी आत्मा कोराच राहतो. या दोघांना पौल एकच उत्तर देतो : हे शरीर देवाचे आहे.

इथे भाषेची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ग्रीक भाषेत देवळासाठी दोन शब्द होते, एक संपूर्ण आवारासाठी आणि दुसरा, नाओस, देवाच्या प्रत्यक्ष वस्तीच्या आतल्या वास्तूसाठी. पौलाने नाओस हा शब्द वापरला आहे. आपल्या पवित्र शास्त्रात ‘मंदिर’ असे भाषांतर आहे आणि ते बरोबरच आहे, परंतु मराठी मनाला त्या शब्दाचे वजन कळायचे असेल तर ‘गाभारा’ म्हणावे लागेल. यरुशलेमच्या मंदिरात यहूदी नसलेल्यांना बाहेरच्या अंगणापलीकडे जाण्यास मनाई होती. कठड्याच्या आत पाऊल टाकणारा स्वतःच्या मृत्यूला स्वतः जबाबदार राहील, असे ग्रीक भाषेत कोरलेले दगड तिथे बसवलेले होते. त्यांपैकी एक 1871 मध्ये सापडला आणि तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. ज्या परजातीय गुलामाला त्या कठड्याच्या आत जिवंत पाऊल टाकता आले नसते, त्याला पौल सांगतो की, तू स्वतःच गाभारा आहेस. महाराष्ट्रात हे वचन आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनी ऐकले तेव्हा त्यांना काय वाटले असेल, हे मला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारापाशी 1930 मध्येसुद्धा हजारो माणसांना सत्याग्रह करावा लागला. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे ज्या वाड्या-वस्त्यांतून आली, तिथल्या माणसाची सावलीही गाभाऱ्यावर पडलेली चालत नव्हती. त्या माणसाच्या देहाला गाभारा म्हणणारे हे वचन आहे. त्यालाच दाराबाहेर ठेवण्यासाठी ते वापरणे म्हणजे तो दगड पुन्हा आपल्या हातांनी बसवणे होय.

म्हणून तंबाखू चालेल का? नाही, बंधू, तंबाखू चालणार नाही. पौल त्याच अध्यायात लिहितो की, सर्व गोष्टींची मोकळीक असली तरी मी कशाच्याही अधीन होणार नाही. आपल्याला एका मालकाने सोडवून घेतले आहे, आणि ही पुडी रोज पहाटे उठल्या-उठल्या आपल्यावर मालकी सांगते, हे तिच्याविरुद्धचे खरे कारण आहे. देव आपल्याला हाकलून देईल ही भीती मनातून काढा. चार दिवस टिकलात, याचा अर्थ चार दिवस टिकता येते. 1800-11-2356 हा तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठीचा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे, त्यावर बोला. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, भरून न येणारी जखम असेल, किंवा तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तर सुगी संपण्याची वाट न पाहता दंतवैद्याला दाखवा.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. दंडावर क्रूस गोंदवून घ्यावा असे मनात आहे, पण आई म्हणते की देवाच्या मंदिरावर खुणा करणे पाप आहे. लेवीय 19:28 मध्ये तशी मनाई आहेच ना?

उत्तर : मनाई आहे, परंतु ज्या वाक्यात ती आहे त्याच वाक्यात मृतासाठी अंगावर वार करून घेण्यालाही मनाई आहे, इस्राएलाच्या शेजारच्या लोकांचे शोकविधी आणि देवपूजा यांपासून त्यांना वेगळे ठेवणे हा तिचा हेतू होता. मिसरातील कॉप्टिक ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या मनगटावर क्रूस गोंदवतात, आणि छळाच्या काळातही त्यांनी तो मिरवला आहे. तेव्हा हे पाप आहे असे मी म्हणणार नाही. मात्र निर्जंतुक न केलेल्या सुईतून कावीळ ब आणि क यांचे विषाणू शरीरात जातात, म्हणून जत्रेतल्या यंत्रापुढे हात धरू नका. आणि आईला दुखवून क्रूस गोंदवण्याची घाई कशाला? वर्षभर थांबा.

प्रश्न : आम्ही वसईचे कॅथलिक कुटुंब आहोत. आमच्या वडिलांनी देहदानाची इच्छा लिहून ठेवली आहे. मोठे काका म्हणतात की शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, त्याची चिरफाड होऊ देणे योग्य नाही, आणि पुनरुत्थानाच्या दिवशी काय? घरात यावरून फार ताण आहे.

उत्तर : हा प्रश्न आपण आपल्या फादरांनाही विचारालच. कॅथलिक ख्रिस्तसभेची भूमिका स्पष्ट आहे. धर्मशिक्षणग्रंथाच्या 1997 च्या सुधारित आवृत्तीत मृत्यूनंतरच्या अवयवदानाला उदात्त कृत्य म्हटले आहे, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी 29 ऑगस्ट 2000 रोजी रोम येथे प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांसमोर बोलताना या दानाचा गौरव केला होता. अट एवढीच की ते स्वखुशीने दिलेले असावे आणि देहाचा मान राखला जावा.

काकांची शंका मात्र जुनी आणि प्रामाणिक आहे, तिला हसू नये. इ. स. 177 मध्ये लियों शहरात ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेते जाळून त्यांची राख ऱ्होन नदीत टाकण्यात आली. यांना पुन्हा उठण्याची आशा उरू नये, असे टाकणाऱ्यांनी उघडपणे म्हटले होते. मागे राहिलेल्या ख्रिस्ती लोकांना देह पुरता आला नाही याचे अतोनात दुःख झाले, पण त्यांचा पुनरुत्थानावरचा विश्वास त्या नदीत वाहून गेला नाही. देवाला आपल्याला उठवण्यासाठी शाबूत हाडे लागत नाहीत. पौल तर मातीत मरून नव्या रूपाने उगवणाऱ्या दाण्याची उपमा देतो.

आणखी एक गोष्ट काकांना सांगून पाहा. करिंथच्या उत्खननात वैद्यदेव अस्क्लेपियस याच्या देवळाच्या जागी मातीचे भाजलेले हात, पाय, कान असे पुष्कळ अवयव सापडले. दुखरा अवयव बरा व्हावा म्हणून किंवा झाला म्हणून लोकांनी वाहिलेले हे नवस पौलाच्या काही शतके आधीचे आहेत. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या सप्टेंबरातल्या जत्रेत मेणाचे हात-पाय वाहिलेले काकांनी नक्कीच पाहिले असतील, कदाचित स्वतःही वाहिले असतील. तो मेणाचा डोळा ज्याच्यासाठी वाहायचा, त्याला खरा डोळा देता आला तर मातेला वाईट वाटेल का?

व्यवहाराचे थोडे : नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते. नेत्रदान सोडून इतर अवयव काढलेला देह वैद्यकीय महाविद्यालये सहसा स्वीकारत नाहीत, म्हणून अवयवदान आणि देहदान यांपैकी वडिलांना नेमके काय हवे आहे ते आत्ताच त्यांना विचारून घ्या. लेखी इच्छा असली तरी प्रत्यक्ष वेळी घरच्यांची संमती घेतली जाते, त्यामुळे वाद मिटवण्याची वेळ आज आहे, त्या दिवशी नाही.

प्रश्न : माझे वय 52. माझ्या सासूबाईंना पावणेदोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लघवीची नळी आहे, बाकी सर्व अंथरुणातच. कमरेखाली जखम झाली आहे आणि खोलीत वास येतो. आमच्याकडे बुधवारी घर-प्रार्थना असते, तेव्हा मी त्यांच्या खोलीचे दार लोटून घेते. मागच्या बुधवारी ‘तुमचे शरीर मंदिर आहे’ यावर बोलणे झाले. सगळे गेल्यावर मी दार उघडले आणि मनात आले, हे मंदिर? मग स्वतःचीच लाज वाटली. मला त्यांची किळस येते, हे मी कुणालाही सांगितलेले नाही. मला मधुमेह आहे. तरीही त्यांच्यासाठी दर शुक्रवारी निर्जळी उपास करते. कधी कधी हात थरथरतात. देव माझे ऐकत का नाही?

उत्तर : ताई, आपले पत्र मी अनेकदा वाचले. किळस येणे हे पाप नाही. ती नाकाची आणि पोटाची प्रतिक्रिया आहे, आणि ती येत असतानाही आपण पावणेदोन वर्षे रोज त्या खोलीत जाता आहात. ज्यांना किळस येत नाही असे लोक बहुधा दाराबाहेर बसलेले असतात.

आपल्याला पडलेला प्रश्न योग्य आहे. या वचनावरची बहुतेक भाषणे मी ऐकतो ती निरोगी माणसांनी निरोगी माणसांना केलेली असतात : व्यायाम करा, व्यसने टाळा, मंदिर स्वच्छ ठेवा. त्यात खोटे काही नाही. परंतु मंदिराचे पावित्र्य जर त्याच्या टापटिपीवर अवलंबून असते, तर ज्या दिवशी आपल्या सासूबाईंची उजवी बाजू लुळी पडली त्या दिवशी आत्म्याने बिऱ्हाड हलवले असे म्हणावे लागेल. वचन तसे म्हणत नाही. गाभारा पवित्र होतो तो आत राहणाऱ्यामुळे. पौल करिंथमध्ये होता तेव्हा तो तंबू शिवून पोट भरत होता, आणि याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याने देहाला तंबू म्हटले आहे. विरलेले कापड, सुटलेली शिवण, पाणी झिरपणारा कोपरा हे त्याच्या हाताखालून रोज जात असे. तंबू जुना होतो हे त्याला कुणी शिकवायला नको होते. अरण्यात इस्राएलाच्या देवाने वस्ती केली तीही तंबूतच.

त्या निवासमंडपात याजकाचा दिवस कशाने सुरू होत असे, हे लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात लिहिले आहे. तो तागाची वस्त्रे घालून रात्रभर जळलेल्या वेदीवरची राख काढत असे, मग कपडे बदलून ती राख छावणीबाहेर नेऊन टाकत असे. धूप आणि दिवे ही सेवा होतीच, पण राख काढणे हीसुद्धा वेदीचीच सेवा होती, आणि ते काम याजकाकडेच होते. पहाटे आपण सासूबाईंखालची चादर काढता, पिशवी रिकामी करता, हात धुता, दुसरा गाऊन चढवता. हे मी आपल्याला बरे वाटावे म्हणून जुळवलेले नाही. राख काढणे ही सेवा आहे, तर चादर काढणे ही सेवा का नसावी, याचे मला एकही कारण सापडत नाही.

वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात 1946 पासून कुष्ठरुग्णांसाठी काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, त्या रुग्णांच्या हातापायांची बरीचशी हानी वेदना न कळल्यामुळे होते. भाजले तरी हात मागे येत नाही, खडा रुतला तरी पाय थांबत नाही. वेदना ही देहाची राखणदार आहे. आपण झोपेतही कूस बदलतो ती अंग अवघडते म्हणून. सासूबाईंना कूस बदलता येत नाही आणि दुखते आहे हे सांगताही येत नाही, म्हणून ती राखण आता आपल्याकडे आली आहे. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, टाचांखाली हवा खेळेल अशी उशी पोटरीखाली ठेवायची, हवेची गादी मिळत असेल तर ती घ्यायची. कातडीवर लाल डाग दिसला आणि बोटाने दाबून सोडल्यावरही तो पांढुरका झाला नाही, तर तिथे चोळू नका. तिथे जखमेची सुरुवात झालेली असते. आत्ताच्या जखमेला वास येतो, म्हणजे तिथे बहुधा जंतुसंसर्ग आहे. ती या आठवड्यातच डॉक्टरांना किंवा परिचारिकेला दाखवा. अंग पुसण्यापूर्वी “आई, आता पाठ पुसते” असे सांगत जा. वाचा गेली म्हणजे समज गेली असे नाही.

आता उपासाविषयी थोडे कठोरपणे लिहितो, ताई. हात थरथरणे हे रक्तातील साखर उतरल्याचे लक्षण असू शकते, आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना निर्जळी उपास करणे जिवावर बेतू शकते. तसे झाले की लगेच साखर किंवा गूळ तोंडात टाका. पुढचा शुक्रवार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली “आता पुरे, माझा प्राण घे” म्हणून आडवा झाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई त्याच्या उशाशी ठेवली. तो खाऊन-पिऊन पुन्हा झोपला, तेव्हा त्याला झोपू दिले. दुसऱ्यांदा उठवले आणि पुन्हा खायलाच सांगितले, कारण वाट लांबची होती. आपलीही वाट लांबची आहे. यशयाच्या 58 व्या अध्यायात देवाला आवडणारा उपास सांगितला आहे : भुकेल्याला भाकर देणे, उघड्याला पांघरूण घालणे, आणि आपल्याच मांसाच्या माणसापासून तोंड न लपवणे. मूळ इब्री भाषेत तिथे ‘मांस’ हाच शब्द आहे. तो उपास आपला रोज चालू आहे, त्यात शुक्रवारची भर घालण्याची गरज नाही.

देव ऐकत का नाही, या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आव मी आणणार नाही. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारी व्यथा, निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही, एवढेच आपल्यासमोर ठेवतो.

मात्र आपल्या मंडळीला एक गोष्ट सांगायची आहे, आणि हा मजकूर बुधवारी मोठ्याने वाचून दाखवायला माझी हरकत नाही. ‘तुमचे शरीर’ हे आपण मराठीत वाचतो तेव्हा ‘तुम्ही’ हे आदराचे एकवचनही असू शकते, म्हणून प्रत्येकाला वाटते की हे माझ्या एकट्याच्या देहाविषयी आहे. मूळ ग्रीकमध्ये ‘तुमचे’ हे स्पष्ट अनेकवचन आहे : तुम्हा सर्वांचे. सासूबाईंच्या देहाची राखण एका सुनेवर सोपवून बाकीच्यांनी गीते गाऊन घरी जावे, असा अर्थ त्या वचनातून निघत नाही. महिला मंडळातील दोघींनी आठवड्यातून दोन दुपारी तीन-तीन तास तिथे बसावे आणि या ताईंना झोपू द्यावे. पाळकांनी त्या अंथरुणाशी प्रभुभोजन न्यावे. गिळायला त्रास होत असेल तर डॉक्टरांना आधी विचारावे, उशीला टेकवून ताठ बसवावे आणि चिमूटभर भाकर द्राक्षरसात भिजवून द्यावी.

आणि ताई, येत्या बुधवारी ते दार लोटू नका. खिडकी उघडा, सकाळी जखमेची पट्टी बदलून घ्या आणि खुर्च्या सासूबाईंच्या खोलीत मांडा.